नोकरी गेल्यावर सतरंजी-गालिचा धुलाईचा धंदा : माहूरच्या हिशेबाने

(माहूर इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय पाहून काहींना वाटलं असेल, माहूरला कुठले आले गालिचे? ज्याच्या घरात इराणी गालिचा आहे असं घर शोधायला गड चढून उतरावं लागेल. शंका बरोबर आहे, आणि आपण तिथूनच सुरुवात करू. कारण पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत ‘कार्पेट क्लीनिंगचा धंदा करा, महिन्याला लाख कमवा’ असं ऐकून मशीन आणणारा माणूस इथे बुडणार. पण हेच काम आपल्या गावाच्या गरजेत बसवलं, तर एक घर त्यावर चालू शकतं. कसं बसवायचं, आणि कुठे सांभाळायचं, एवढंच आज बोलायचं आहे.

आधी नोकरीचं बोलू

नोकरी गेलेल्या माणसाची पहिली अडचण पैशाची नसते. पहिली अडचण म्हणजे गल्लीत विचारलेला प्रश्न. ‘काय करायलास बाबा सध्या?’ या प्रश्नाला उत्तर पाहिजे म्हणून लोक घाईघाईने काहीतरी सुरू करतात. उत्तर मिळतं, पण पीएफचा पैसा संपतो.

आपल्या भागाला नोकरी जाणं नवीन नाही. नांदेडची उस्मानशाही मिल आठवणारी मंडळी इथे बसली असतील. मिल थंडावली आणि वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या हाताने घरी बसल्या. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते, आणि त्यातले कितीतरी पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा पुण्याहून, मुंबईहून, हैदराबादहून आपली पोरं मिळेल त्या वाहनाने आणि काही तर पायी घरी आली. तेव्हा नोकरी गेली यात माणसाचा दोष असतोच असं नाही. हे आम्ही धीर देण्यासाठी म्हणत नाही. दोष स्वतःकडे घेतला की माणूस हिशेब न करता उडी मारतो, म्हणून सांगतो.

उडीच्या आधी चार गोष्टी करून घ्या.

एक, मालकाकडून जे येणं आहे ते घ्या. सलग एक वर्ष काम केलेल्या कामगाराला कपातीत काढलं, तर पूर्ण केलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई कायद्याने मिळते. साधारणपणे पाच वर्षं सलग नोकरी झाली असेल तर ग्रॅच्युइटी वेगळी. राजीनाम्याच्या कागदावर सही करण्याआधी हे विचारायचं. सही झाल्यावर कपात राहत नाही, तुम्ही आपखुशीने गेलात असं होतं.

दोन, ईएसआय कापला जात असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी करा. २०१८ ला सुरू झालेल्या या योजनेत अटींत बसणाऱ्या बेकार कामगाराला जास्तीत जास्त ९० दिवस काही भत्ता मिळतो. अर्ज केला तरच मिळतो, घरी कुणी आणून देत नाही.

तीन, घरखर्चाचे सहा महिन्यांचे पैसे बाजूला काढा आणि ते बायकोच्या किंवा आईच्या खात्यात ठेवा. धंद्याच्या खात्यात ठेवले की ते धंद्याचे होतात.

चार, पहिले दोन-तीन आठवडे काहीही विकत घेऊ नका. फक्त फिरा, पाहा, विचारा.

हा धंदा जगात कसा उभा राहिला

थोडं बाहेरचं पाहू, कारण त्यातून एक मुद्दा निघतो.

अमेरिकेत मिशिगन राज्यात मेलव्हिल बिसेल नावाचा गृहस्थ काचसामानाचं दुकान चालवायचा. काचसामान येतं ते भुशात बांधून. तो भुसा दुकानातल्या गालिच्यात घुसायचा आणि झाडूने निघायचा नाही. त्याने फिरत्या ब्रशचं गालिचा झाडायचं यंत्र बनवलं आणि १८७६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. १८८९ मध्ये तो वारला, तेव्हा कंपनी त्याच्या बायकोने, ॲना बिसेलने, हातात घेतली आणि वाढवली.

पुढे १९०१ मध्ये लंडनला ह्युबर्ट सेसिल बूथने हवा ओढणारं मोठं यंत्र केलं. इतकं मोठं की घोडागाडीवर ठेवून रस्त्यात उभं करायचे आणि नळ्या खिडकीतून घरात न्यायचे. म्हणजे लक्षात घ्या, बूथ सुरुवातीला यंत्र विकत नव्हता, तो साफ करून द्यायची सेवा विकत होता. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या वेळी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्याच्याच यंत्राने साफ झाले.

आणि तिसरा माणूस, जेम्स मरे स्पँगलर. हा ओहायोमध्ये एका दुकानात झाडलोट करणारा कामगार. त्याला दम्याचा त्रास, आणि गालिचा झाडताना धूळ नाकात जायची. त्याने पंखा, मोटर आणि उशीचा अभ्रा जोडून हातात धरता येईल असं यंत्र तयार केलं. १९०८ मध्ये पेटंट मिळालं, आणि ते पुढे हूव्हर कुटुंबाने घेतलं. आज जगभर जे यंत्र चालतं त्याची मुळं एका सफाई कामगाराच्या खोकल्यात आहेत.

मुद्दा काय? तिघांनीही यंत्र पाहून काम शोधलं नाही. समोर घाण होती, त्रास होता, त्यातून यंत्र आलं. आपल्याकडे आज उलटं चाललंय. आधी यंत्राची जाहिरात पाहतात, मग काम शोधत फिरतात.

आपल्याकडचं उदाहरणही आहे. हणमंतराव गायकवाड मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे, पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. १९९७ मध्ये मोजकी माणसं घेऊन कारखान्यातल्या स्वच्छतेचं काम त्यांनी घेतलं, आणि त्यातून बीव्हीजी ही देशभर काम करणारी कंपनी उभी राहिली. तेवढं मोठं व्हायचं की नाही हा पुढचा प्रश्न. पण साफसफाई हे पोट भरण्याचं आणि मानाचं काम होऊ शकतं, याला पुरावा लागत असेल तर तो महाराष्ट्रातच आहे.

माहूरला धुवायचं काय?

आता आपल्या गावाकडे येऊ. ‘गालिचा’ हा शब्द जरा बाजूला ठेवा. अंथरायच्या वस्तू मोजा.

रेणुकामाता साडेतीन शक्तिपीठांतलं पूर्ण पीठ. दत्तशिखर, अनसूया शिखर, सोनापीरचा दर्गा. चैत्रात आणि अश्विनात नवरात्र, श्रावणी पौर्णिमेची परिक्रमा, मार्गशीर्षात दत्तजयंती. एवढं सगळं असल्यावर गावात लॉज, भक्तनिवास, धर्मशाळा, मंगल कार्यालयं असणारच. तिथे काय असतं? गाद्या, ब्लँकेटं, सोफे, पडदे, पायपुसणी, हॉलमधल्या सतरंज्या. मंडपवाल्यांकडे जाजमं, हिरव्या-लाल मॅट, लोड-तक्के, व्हीआयपी सोफे. बँकांत, सरकारी कचेऱ्यांत खुर्च्या आणि मॅट. दर्ग्यात आणि मशिदीत नमाजाच्या चटया.

आणि घरोघरी? घरोघरी ‘दसरा काढणं’ आहे. भादव्यात घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं धुणं बाहेर निघतं. गोधड्या, वाकळा, चादरी, सतरंज्या. नदीवर, ओढ्यावर बायकांची रांग लागते. वाळलेली गोधडी उचलायला जड, भिजलेली तर दोघींना पेलत नाही. ज्या घरात आता म्हातारी-म्हातारा दोघंच आहेत, पोरं पुण्याला, तिथे हा दसरा कोण काढणार? गुडघे धरलेल्या मावशीला विचारा, जड धुणं कुणी घरून नेऊन वाळवून परत आणून दिलं तर पैसे देशील का. हे आपल्या भागातलं तयार गिऱ्हाईक आहे. त्याला जाहिरातीने गरज पटवून द्यावी लागत नाही, ती गरज आपल्या पंचांगातच आहे.

म्हणून पाटीवर ‘कार्पेट क्लीनिंग’ लिहू नका. ‘सतरंजी, गादी, सोफा, गोधडी धुलाई — घरून नेऊ, वाळवून आणून देऊ’ असं लिहा.

आणखी एक. हे काम आपल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या परीट समाजाने केलंय. कोणता रंग जातो, कोणता राहतो, कुठलं पाणी जड आहे, हे ज्ञान त्यांच्याकडे आहे. नवीन धंदा करणाऱ्याने त्यांच्या पोटावर पाय देण्यापेक्षा त्यांच्याशी भागी करावी. यंत्र तुमचं, हात आणि जाण त्यांची. संत गाडगेबाबा याच समाजातले, जन्म १८७६ चा. त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या आणि आयुष्यभर हातात खराटा धरला. त्यांच्या महाराष्ट्रात सफाईची लाज वाटण्याचं कारण नाही. राजकारणात आपण ‘सतरंज्या उचलणारा’ म्हणून हिणवतो ते वेगळं. इथे सतरंजी उचलल्याचे रोख पैसे मिळतात.

काम नेमकं कसं करायचं

पुष्कळांना वाटतं, पाणी आणि शाम्पू मारला की झालं. तसं नाही. अंथरायच्या वस्तूतली बहुतेक घाण कोरडी असते, माती, वाळू, धुळीचे कण. ती कोरडीच काढायची. पाणी आधी टाकलं की त्या मातीचा चिखल होतो आणि तो धाग्याच्या मुळाशी जाऊन बसतो. म्हणून पहिली पायरी झटकणं आणि व्हॅक्यूम. दोन्ही बाजूंनी, सावकाश. अर्ध्याहून जास्त काम इथेच होतं.

दुसरी पायरी, धागा ओळखणं. कडेचा एखादा सुटा धागा घेऊन जाळून पाहा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरली तर लोकर. कागद जळाल्यासारखा वास आला तर सुती. वितळून टणक गोळी झाली तर सिंथेटिक. लोकरीला गरम पाणी, कडक सोडा, ब्लीच चालत नाही. सुती सतरंजी आटते आणि तिचा रंग उतरतो. वरंगलच्या दऱ्या, सोलापूरच्या चादरी आपल्याकडे वापरात आहेत, त्यांना जपून. मंडपाची सिंथेटिक मॅट मात्र रगडली तरी चालते.

तिसरी, रंगाची परीक्षा. पांढरं फडकं तुमच्या साबणाच्या पाण्यात भिजवून कोपऱ्यात दोन मिनिटं दाबून धरा. फडक्याला रंग लागला की गिऱ्हाइकाला तिथेच सांगा आणि कागदावर लिहून घ्या. धुतल्यावर सांगितलं तर ते कुणी ऐकत नाही.

चौथी, साबण लावून ब्रशने हलकं घासणं आणि दहा-पंधरा मिनिटं थांबणं. साबणाचा कण एका टोकाने तेलाला धरतो, दुसऱ्या टोकाने पाण्याला. त्याला धरायला वेळ द्यावा लागतो. आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेक जड असतं. साध्या साबणाचा त्यात साका होतो, म्हणून डिटर्जंट किंवा शाम्पू वापरायचा, आणि कमी वापरायचा. जास्त शाम्पूने वस्तू जास्त स्वच्छ होत नाही. उरलेला चिकट थर नवी धूळ ओढतो आणि पंधरा दिवसांत गिऱ्हाईक म्हणतं, ‘तुम्ही धुतल्यापासून जास्तच मळायलंय.’

पाचवी, स्वच्छ पाणी मारून लगेच ओढून घेणं. एक्स्ट्रॅक्शन मशीन हेच करतं, एका नळीने पाणी मारतं, दुसरीने ओढतं. ओढायचा हात मारायच्या हातापेक्षा दुप्पट चालला पाहिजे.

सहावी, वाळवणं. सगळ्यात जास्त तक्रारी इथे येतात. ओली गादी एक-दोन दिवस तशीच राहिली की बुरशी धरते आणि वास येतो, तो मग जात नाही. मराठवाड्यात माहूर-किनवट पट्ट्यात पाऊस जास्त. श्रावणात उन्हाच्या भरवशावर काम घेऊ नका. पंखा, ब्लोअर आणि पत्र्याखालची हवेशीर जागा नसेल तर पावसाळ्यात गाद्या घेऊच नका, फक्त सोफे आणि कोरडी सफाई घ्या.

डागांची गोष्ट, खास आपल्याकडची

हे इंग्रजी व्हिडिओत सापडणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हळद. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो आणि पोरगं घाबरतं. घाबरू नका. हळदीतलं रंगद्रव्य अल्कलीत लाल होतं, स्वच्छ पाण्याने साबण निघाला की परत पिवळं होतं. आणि हा रंग उन्हाला टिकत नाही. धुवून कडक उन्हात घाला, दोन-तीन उन्हांत फिका पडतो.

कुंकू. जुन्या पद्धतीचं कुंकू म्हणजे हळदच, चुन्यासारख्या अल्कलीने लाल केलेली. बाजारातल्या बऱ्याच कुंकवात आता कृत्रिम रंग असतो. दोन्हीला नियम एकच, पाणी लावायच्या आधी कोरडं कुंकू व्हॅक्यूमने पूर्ण ओढून घ्या. ओलं फडकं आधी फिरवलं की बोटभर डागाची वीतभर लाली होते.

तांबूल. रेणुकामातेचा प्रसाद म्हणजे कुटलेला विडा. लॉजच्या गादीवर, गाडीच्या सीटवर तो सांडणारच. त्यात पानाचा हिरवा रंग, काताचा तपकिरी, चुना आणि गोडवा, सगळं एकत्र असतं. चमच्याने खरवडून काढा, थंड पाण्याने टिपा, चोळू नका. मग पाण्यात थोडा लिंबूरस किंवा व्हिनेगर घालून टिपा, म्हणजे चुना सुटतो. उरलेल्या तपकिरी डागाला ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, पण आधी कोपऱ्यात परीक्षा करून. लोकरीवर आणि गडद रंगावर ते टाळाच.

तेल. समईचं, दिव्याचं. वर टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूम करा, मग डिटर्जंट. मेण असेल तर गार झाल्यावर खरवडा आणि वर कोरा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा.

दूध, रक्त, लहान लेकरांची शू. थंड पाणीच वापरा. गरम पाण्याने प्रथिनं गोठतात आणि डाग पक्का होतो.

आणि एक गोष्ट जिवाची. ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद खोलीत माणूस जाऊ शकतो. ओल्या जमिनीवर वीज चालवताना अर्थिंग आणि करंट गळती झाली की लाईट तोडणारा स्विच पाहिजेच. धुतलेलं पाणी विहिरीजवळ किंवा पैनगंगेत सोडायचं नाही.

हिशेब

आता फळ्यावर मांडू. हे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत, तुम्ही स्वतःचे घाला. रीत तीच राहील.

भांडवल: एक्स्ट्रॅक्शन मशीन ४५,०००. ओलं-सुकं ओढणारा व्हॅक्यूम १२,०००. घासायचं मशीन आणि ब्रश १३,०००. ब्लोअर-पंखे १०,०००. शाम्पू-रसायनं १०,०००. हातात खेळते ३०,०००. एकूण १,२०,०००. त्यातले ३०,००० स्वतःचे, ९०,००० कर्ज. तीन वर्षांच्या मुदतीने, ११ टक्क्यांनी हप्ता सुमारे ३,००० येतो.

एक काम: लॉजचं किंवा कार्यालयाचं १,००० चौरस फूट, ४ रुपये दराने ४,०००. त्यात दोन माणसांची मजुरी १,०००, टेम्पो ५००, रसायनं ४००, चहा-किरकोळ १००. खर्च २,०००. उरले २,०००.

महिन्याचा ठरलेला खर्च: हप्ता ३,०००, दुरुस्ती १,०००, पेट्रोल-फोन २,०००, म्हणजे ६,०००. घरखर्च १५,०००. मिळून २१,०००.

म्हणजे महिन्याला साडेदहा कामं झाली तर घर चालतं. वर्षाला १२६ कामं.

आता गावाचं पंचांग लावा. यात्रेचे आणि लग्नसराईचे पाच महिने धरा, महिन्याला १६ कामं, झाली ८०. उरलेले सात महिने ६ कामं, झाली ४२. एकूण १२२. गरज १२६ ची. चार कामं कमी, म्हणजे वर्षाला ८,००० ची तूट. ही काही मोठी तूट नाही, असं वाटेल.

पण माणूस वर्षाच्या शेवटी बुडत नाही, महिन्यात बुडतो. मंद महिन्यात मिळकत १२,०००, खर्च २१,०००, दर महिन्याला ९,००० खड्डा. सात महिन्यांचे ६३,०००. चांगल्या महिन्यात ३२,००० हातात येतात, त्यातले ११,००० शिल्लक, पाच महिन्यांचे ५५,०००. हे ५५,००० त्या सात महिन्यांचे आहेत. नवरात्रात हातात पैसा खेळतो, तेव्हा मोबाईल घेतला, गाडीचं डाउन पेमेंट केलं, की पुढच्या ज्येष्ठ-आषाढात हप्ता थकतो. बहुतेक छोटे धंदे गिऱ्हाईक नाही म्हणून बंद पडत नाहीत, चांगल्या महिन्याचा पैसा चांगल्याच महिन्यात खाल्ला म्हणून बंद पडतात.

यावरून तीन निर्णय निघतात. पहिला, सुरुवात पावसाळ्याच्या तोंडावर करायची नाही. जून ते ऑगस्ट तीन मंद महिने गेले तर २७,००० जातात, खेळतं भांडवल संपतं. श्रावण संपता संपता सुरुवात करा, म्हणजे दसरा काढायच्या दिवसांत काम हाताला लागतं. दुसरा, लॉजवाल्यांशी वर्षाचा करार करा. दर थोडा कमी, पण दर महिन्याला ठरलेल्या खोल्या. मंद महिन्यात दोन कामं जरी वाढली तरी चित्र पालटतं. वर्षाला १४ कामं, २८,००० रुपये. आठ हजारांची तूट जाऊन वर वीस हजार राहतात. तिसरा, एकट्या माहूरवर राहू नका. किनवट, आर्णी, पुसद, उमरखेड इथलीही कामं घ्या, पण एका फेरीत दोन-तीन कामं जुळली तरच. एका सोफ्यासाठी पुसदला गेलात तर कमाई पेट्रोल पंपावर राहते.

कर्ज आणि कागद

कागद फार नाहीत. उद्यम नोंदणी आधारवर ऑनलाइन होते, फुकट आहे. कुणी हजार रुपये मागितले तर देऊ नका. दहापेक्षा कमी माणसं असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणीची गरज नाही.

कर्जाला मुद्रा योजना आहे, २०१५ पासून. ५०,००० पर्यंत शिशु, त्यापुढे ५ लाखांपर्यंत किशोर. आपलं ९०,००० चं कर्ज किशोर गटात येतं. तारण लागत नाही. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला, मागासवर्गीय, अल्पसंख्याक यांना ३५ टक्के अनुदान ठेवलेलं आहे. महाराष्ट्राचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही तसाच. अर्ज करण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात चालू नियम विचारून घ्या. आणि अनुदान मिळतंय म्हणून कर्ज वाढवू नका. अनुदान नंतर जमा होतं, हप्ता आधी सुरू होतो.

शिकायचं असेल तर जिल्ह्याच्या पातळीवर बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. ही पद्धत १९८२ मध्ये कर्नाटकात धर्मस्थळाजवळच्या उजिरेला सुरू झाली. प्रशिक्षण, राहणं, जेवण फुकट. तिथे गालिचा धुवायला शिकवत नाहीत, पण वही लिहायला आणि बँकेशी बोलायला शिकवतात. नोकरदार माणसाला नेमकं तेच येत नसतं.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: कंपनी म्हणते, मशीन आमचं तीन लाखांत घ्या, कामं आम्ही देतो. घ्यावं का?*

कामं देणारा माणूस तुमच्या मशीनवर कमावतो की तुमच्या कामांवर, ते पाहा. त्यांना सांगा, मशीन भाड्याने द्या, पहिल्या वीस कामांतून पैसे कापून घ्या. जो खरोखर काम देणार आहे तो यावर निदान बोलायला बसेल. जो नुसता आजच्या आज ॲडव्हान्स मागतो, त्याला नमस्कार करून या.

*प्रश्न: माझ्याकडे तीस हजारसुद्धा नाहीत. मग?*

मग मशीन घेऊ नका. व्हॅक्यूम, ब्रश, दोन टब आणि वाळवायची जागा एवढ्यावर गोधड्या-सतरंज्यांचं काम सुरू करा. मुंबईत प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बायकांचं. त्या बायकांकडे भांडवल नव्हतं, गिऱ्हाईक मात्र ठरलेलं होतं. सावकाराच्या व्याजातून सुटून त्यांना बँकेचं छोटं कर्ज मिळालं आणि त्यांनी ते फेडलं. गिऱ्हाईक आधी, यंत्र मागून.

*प्रश्न: सर, मी एम.कॉम. आहे. लोक काय म्हणतील?*

पहिल्या दिवाळीपर्यंत म्हणतील. तुमची पदवी वाया जात नाही, कारण मघाशी फळ्यावर जो हिशेब मांडला तो तुम्हाला इतरांपेक्षा लवकर कळतो. दर महिन्याला तो वहीत लिहा. तीन मंद महिने सलग ठरवल्यापेक्षा कमी कामं आली तर थांबायचं, हेही आजच लिहून ठेवा. सहा महिन्यांच्या घरखर्चाला हात न लावता थांबता आलं, तर त्याला अपयश म्हणत नाहीत.

*प्रश्न: घरातल्या बाईने हे करावं का?*

का नाही? दसरा कोण काढतं? गोधडी कशी वाळवायची हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, त्यांनाच त्याचे पैसे मिळाले तर बरंच आहे. बचत गटाने मिळून एक मशीन घ्यावं. हप्ता वाटला जातो, हातही जास्त मिळतात. फक्त जड ओलं वजन उचलायला हातगाडी घ्या, कंबर मोडून धंदा करू नका.

वेळ झाली. फळ्यावरचा हिशेब उतरवून घ्या, आणि घरी जाऊन त्यात स्वतःचे आकडे घालून पाहा. आकडे जुळले नाहीत तर धंदा करू नका, जुळले तर भादव्याची वाट पाहा.